परक्या घरट्यातले अंडे: कोकीळ, कावळा आणि त्यांच्यासारख्या जोड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्रात कोकीळ ओरडू लागला की त्याच्याविषयीचे तेच ते प्रश्न दरवर्षी नव्याने कानावर येतात. कावळा एवढा हुशार, मग तो फसतो कसा, हा त्यातला सर्वांत जुना प्रश्न. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यासाठी इंग्लंडातील पाणथळ, झांबियातील गवताळ माळ आणि ऑस्ट्रेलियातील खारफुटी अशी बरीच भटकंती करावी लागते.

दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याची ही रीत नेमकी काय आहे?

काही पक्षी घरटे बांधत नाहीत, अंडी उबवत नाहीत आणि पिल्लांना भरवतही नाहीत. ही तिन्ही कामे ते दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांवर सोपवतात. सोयीसाठी या पानावर अंडे घालून जाणाऱ्याला परजीवी आणि ते सांभाळणाऱ्याला यजमान म्हटले आहे. जगातील पक्षिजातींपैकी साधारण १ टक्का, म्हणजे शंभरेक जाती, पूर्णपणे अशा रीतीने जगतात.

ही रीत पक्ष्यांच्या इतिहासात एकदाच निर्माण होऊन सगळीकडे पसरली, असेही नाही. ती स्वतंत्रपणे सात वेळा निर्माण झाली, असे मानले जाते. त्यांपैकी तीन वेळा ती कोकीळ कुळातच घडली. उरलेल्यांत अमेरिकेतील काउबर्ड, माणसाला मधाची पोळी दाखवणारे आफ्रिकेतील हनीगाइड, व्हायडा व त्यांचे नातलग आणि दक्षिण अमेरिकेतील काळ्या डोक्याचे एक बदक येते. हे बदक या मंडळींत सर्वांत सभ्य म्हणावे लागेल, कारण त्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांतच आपल्या वाटेने निघून जाते आणि यजमानावर उबवण्यापलीकडे फारसा भार टाकत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. संस्कृतात कोकीळ म्हणजे ‘परभृत’, दुसऱ्याने पोसलेला, आणि कावळा म्हणजे ‘परभृत्’, दुसऱ्याला पोसणारा. दोन पक्ष्यांच्या नात्याची सगळी कथा त्या एका हलन्तात सामावलेली आहे.

गातो तो कोकीळ की गाते ती कोकिळा?

‘कुहू’ असा चढत जाणारा आवाज नराचा असतो. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके असतात, आणि तिचा ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा आवाज गाणे म्हणण्याजोगा नाही. कवितेत गाण्याचे श्रेय कोकिळेला मिळाले आहे, ते पक्षिशास्त्राला मान्य होण्यासारखे नाही.

कावळ्यासारखा चाणाक्ष पक्षी फसतो तरी कसा?

आपल्या भागात गावकावळा साधारण पावसाच्या तोंडावर घरटे बांधतो. शहरात त्यात काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही गुंफलेले दिसतात. कावळे अंडी घालत असतानाच कोकिळा संधी साधते. नर घरट्याजवळ येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी आपले काम उरकते, असे पक्षीनिरीक्षकांनी नोंदवले आहे. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असते. पण फिकट हिरवट रंग आणि त्यावरचे तपकिरी ठिपके यांमुळे ते त्या घोळक्यात खपून जाते. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून अधिक अंडी सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

यापुढचा डाव वेळेचा असतो. कोकिळेचे अंडे १२ ते १४ दिवसांत फुटते, तर कावळ्याच्या अंड्याला १६ ते २० दिवस लागतात. पाहुणे पिल्लू आधी बाहेर येते, आधी चोच उघडते आणि पहिले घास त्याला मिळतात. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही, त्यामुळे अशा घरट्यातून कधी कधी दोन्ही प्रकारची पिल्ले उडतात. यजमानाचे नुकसान होतेच, परंतु ते नेहमीच संपूर्ण नसते.

आता हुशारीकडे वळू. परके अंडे ओळखून फेकून देणे हा वरवर पाहता फुकटचा फायदा वाटतो, पण तो फुकट नाही. अंडी हुबेहूब सारखी नसतात. प्रकाश, चिखल आणि नैसर्गिक फरक यांमुळे स्वतःचेच एखादे अंडे वेगळे दिसू शकते. संशयी यजमान स्वतःचे अंडे फेकण्याचा धोका पत्करतो, तर भोळा यजमान परके पिल्लू पोसण्याचा. परजीवी किती वेळा येतो, तो किती नुकसान करतो आणि अंड्यांतला फरक किती स्पष्ट आहे, यांवर कोणता धोका परवडेल ते ठरते. म्हणून ‘कावळा फसला’ असे म्हणण्यापेक्षा कावळ्याच्या पूर्वजांना संशयाची किंमत भोळेपणाच्या किमतीपेक्षा जड गेली असावी, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते. हा हिशेब कोणी कावळा बसून करत नाही. तो पिढ्यानपिढ्या कोणाची पिल्ले जगली यावरून होत जातो.

पावश्या आणि चातक हेही असेच करतात का?

होय. ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावश्या आणि पावसाच्या आगेमागे येणारा चातक हे दोघेही प्रामुख्याने सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. सातभाईंची अंडी निळी असतात आणि या दोघांचीही अंडी निळीच असतात.

पावश्याकडे आणखी एक हत्यार आहे, आणि ते त्याच्या अंगावरच आहे. तो दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो. पोटावरचे पट्टे, शेपटीवरच्या आडव्या रेघा, उडण्याची आणि फांदीवर टेकण्याची ढबही तीच. तो झाडात शिरला की लहान पक्ष्यांची पळापळ उडते. या साम्याचा उपयोग होतो का, हे युरोपातील कक्कू या त्याच्या नातलगावर तपासून पाहिले गेले आहे. निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की कक्कूच्या पोटावरचे पट्टे दिसत असले तर लहान पक्षी त्याच्यापासून ससाण्याइतकेच दूर राहतात आणि पट्टे झाकले की त्यांची भीती कमी होते. २०१७ मध्ये जेनी यॉर्क आणि डेव्हिस यांनी त्याच पक्ष्याच्या मादीच्या आवाजाविषयी आणखी मजेदार गोष्ट मांडली. अंडे घालून झाल्यावर ती खळखळून हसल्यासारखा आवाज काढते. चोराने चोरी करून वर हाळी का द्यावी, हे कोडेच होते. तो आवाज शिकारी पक्ष्याच्या आवाजासारखा वाटतो, यजमान स्वतःच्या जिवाच्या काळजीत पडतो आणि घरट्यातील अंडी तपासायचे त्याचे भान सुटते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

या विषयावर सर्वाधिक प्रयोग कोठे झाले?

इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या विकेन फेन या पाणथळ भागात. तेथे पाणगवताच्या काड्यांभोवती वाटीसारखे घरटे विणणारा रीड वॉर्बलर राहतो. त्याचे वजन जेमतेम १२ ग्रॅम, तर कक्कूचे १०० ग्रॅमच्या आसपास. कक्कूची मादी दुपारी येते, घरट्यातील एक अंडे चोचीत धरते, आपले अंडे घालते आणि निघून जाते. या सगळ्याला सुमारे १० सेकंद लागतात. तिचे अंडे तिच्या शरीराच्या मानाने फारच लहान, जेमतेम ३ टक्के वजनाचे असते. एवढ्या मोठ्या पक्ष्याने इतके लहान अंडे घालणे हाच मुळी यजमानाच्या मापाशी जुळवून घेतल्याचा पुरावा आहे.

डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी १९८० च्या दशकात एक साधी युक्ती केली. त्यांनी नकली अंडी रंगवली आणि कक्कूची भूमिका स्वतः वठवली. रीड वॉर्बलरच्या अंड्यांसारखी रंगवलेली अंडी बहुधा स्वीकारली गेली, वेगळ्या रंगाची मात्र अधिक प्रमाणात नाकारली गेली. पेंढा भरलेला कक्कू घरट्याजवळ ठेवल्यावर नकाराचे प्रमाण वाढले. म्हणजे यजमान फक्त अंड्याकडे पाहत नाही, तर परिसरात चोर दिसला आहे का, हेही लक्षात घेतो. वर सांगितलेला संशयाचा हिशेब तो परिस्थितीनुसार बदलत असतो.

एकाच जातीच्या कक्कूची अंडी वेगवेगळ्या रंगांची कशी?

कक्कूने शंभराहून अधिक जातींच्या घरट्यांत अंडी घातल्याच्या नोंदी आहेत, पण एकेक मादी सहसा एकाच प्रकारच्या यजमानाची निवड करते. अशा माद्यांची वेगवेगळी घराणी असतात, असे समजावे. संगीतातल्या घराण्यासारखेच येथेही राग तोच, मांडणी वेगळी. रीड वॉर्बलरकडे जाणाऱ्या घराण्याची अंडी हिरवट ठिपकेदार असतात, तर फिनलंडमधील रेडस्टार्टकडे जाणाऱ्या घराण्याची निळी.

नर मात्र कोणत्याही घराण्यातल्या मादीशी जोडी जमवू शकतो, म्हणून जात एकच राहते. मग अंड्याचा रंग मिसळून का जात नाही? निदान निळ्या अंड्यांच्या बाबतीत तो आईकडून मुलीकडे जातो, असे जनुकीय अभ्यासांतून दिसते. पक्ष्यांमध्ये माद्यांजवळच असणारे एक गुणसूत्र यासाठी सोयीचे ठरते.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. इंग्लंडातील डनॉक या पक्ष्याची अंडी स्वच्छ निळी असतात, त्याच्या घरट्यात पडणारे कक्कूचे अंडे मात्र करड्या ठिपक्यांचे असते आणि तरीही डनॉक ते मुकाट्याने उबवतो. एक स्पष्टीकरण असे की डनॉक हा तुलनेने नवा यजमान आहे आणि त्याच्यात ओळखण्याची क्षमता अजून तयार व्हायची आहे.

यजमान आपल्या अंड्यांवर ‘सही’ करतात, हे खरे आहे का?

शब्दशः नाही, पण कल्पना नेमकी आहे. झांबियात एक प्रकारचा वटवट्या राहतो, आपल्याकडे गवतात ‘टिवी टिवी’ करत फिरणाऱ्या वटवट्याचा सख्खा भाऊबंद. त्याच्या घरट्यात कुकू फिंच नावाचा पक्षी अंडी घालतो. क्लेअर स्पॉटिसवूड आणि मार्टिन स्टीव्हन्स यांनी या जोडीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. या वटवट्याच्या एका मादीची अंडी पांढरी, दुसरीची निळसर, तिसरीची लालसर, चौथीची शेवाळी; शिवाय कोणावर ठिपके, तर कोणावर शाईचा बोरू फिरवल्यासारख्या रेघोट्या. प्रत्येक मादीची अंडी आपापसांत सारखी, पण शेजारणीच्या अंड्यांहून अगदी निराळी असतात.

यामुळे परजीवीची पंचाईत होते. कुकू फिंचच्या अंड्यांतही भरपूर विविधता आली आहे, पण एकेक मादी आयुष्यभर एकाच नमुन्याची अंडी घालते आणि कोणत्या घरट्यात कोणती सही आहे हे पाहून ती रंग बदलू शकत नाही. तिचे अंडे जुळणे हा बराचसा नशिबाचा भाग ठरतो. बनावट नोटा आणि त्यांवरच्या सुरक्षा खुणा यांच्यातील चढाओढ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पिल्लू इतके वेगळे दिसते, मग अंडे ओळखणारा यजमान पिल्लू का ओळखत नाही?

या विषयातील मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे. पाणगवतातले ते चिमुकले घरटे पिल्लाच्या अंगाखाली दबून पसरलेले, पिल्लू यजमानाच्या कितीतरी पट मोठे आणि त्याला भरवताना रीड वॉर्बलरचे डोके अक्षरशः त्याच्या घशात गेलेले, हे दृश्य पाहून कोणालाही हा प्रश्न पडेल.

आर्नोन लोटेम यांनी १९९३ मध्ये एक तर्क मांडला. यजमान आपली अंडी कशी दिसतात हे पहिल्या विणीच्या वेळी शिकतो. अंड्यांच्या बाबतीत हे सुरक्षित असते, कारण परके अंडे आले तरी शेजारी स्वतःची अंडीही असतात. पण कक्कूचे पिल्लू घरट्यात एकटेच उरते. पहिल्याच विणीत कोणी ते पाहून ‘आपले पिल्लू असे दिसते’ असा धडा घेतला, तर पुढे तो स्वतःच्या खऱ्या पिल्लांनाच नाकारील. असा चुकीचा धडा घेण्यापेक्षा काहीच न शिकणे कमी नुकसानीचे आहे.

तरीही सर्वच यजमान हा मार्ग निवडत नाहीत. ऑस्ट्रेलियातील सुपर्ब फेअरी-रेन हा पक्षी हॉर्सफिल्ड ब्राँझ कक्कूचे पिल्लू असलेली सुमारे ४० टक्के घरटी सोडून देतो, असे नाओमी लँगमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले. त्याची मादी अंडी उबवताना त्यांना एक विशिष्ट स्वर ऐकवते आणि पुढे पिल्ले भूक लागल्यावर त्याच स्वराचा अंश असलेली हाक मारतात, असे २०१२ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासगटाला आढळले. हा जणू घरातला परवलीचा शब्द. कक्कूच्या अंड्याला तो शिकायला पुरेसे दिवस मिळत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियातील खारफुटीत राहणारे गेरिगोनी तर त्याहून पुढे गेले आहेत. ते कक्कूचे जिवंत पिल्लू चोचीत धरून घरट्याबाहेर टाकतात. आणि त्यांच्याकडे येणाऱ्या कक्कूची पिल्लेही आता यजमानाच्या पिल्लांसारखीच दिसतात. जेथे अंड्यांचा सामना परजीवीने जिंकला, तेथे पिल्लांच्या रूपावरून नवा सामना सुरू झाला.

नुकतेच जन्मलेले, डोळेही न उघडलेले पिल्लू खरेच इतर अंडी बाहेर ढकलते?

ढकलते. याचे सविस्तर वर्णन एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये प्रसिद्ध केले; देवीच्या लसीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले डॉक्टर ते हेच. कक्कूच्या पिल्लाच्या पाठीवर सुरुवातीच्या दिवसांत एक खोलगट भाग असतो. त्यात अंडे किंवा यजमानाचे पिल्लू घेऊन ते पाय रोवत, मागे सरकत घरट्याच्या कडेपर्यंत चढते आणि ओझे बाहेर लोटते. काही दिवसांनी तो खोलगट भाग भरून येतो आणि ही खोडही जाते. त्या काळी अनेकांनी या वर्णनावर अविश्वास दाखवला होता.

हनीगाइडचे पिल्लू वेगळ्या पद्धतीने हेच साधते. वेडा राघू आणि त्याच्या नातलगांच्या अंधाऱ्या बिळात जन्मलेल्या या पिल्लाच्या चोचीला तीक्ष्ण आकड्या असतात. त्यांनी ते यजमानाच्या पिल्लांना चावून मारते.

एकट्या पिल्लाला सगळ्या विणीइतके अन्न कसे मिळते?

ते फसवून मागते. कक्कूचे पिल्लू इतक्या भरभर ‘सी-सी-सी’ करते की ऐकणाऱ्याला ती अनेक पिल्लांची एकत्रित हाक वाटावी. हे १९९८ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. जपानमधील एका कोकिळेच्या पिल्लाच्या पंखाखाली पिवळी, पिसे नसलेली कातडी असते. भरवणारे आले की ते पंख हलवून ती दाखवते आणि यजमानाला आणखी एक उघडी चोच दिसल्याचा भास होतो. कधी कधी ते त्या कातडीलाच घास भरवू पाहतात.

अंडे फेकले तर परजीवी सूड घेतो, हे खरे की दंतकथा?

काही बाबतीत खरे. जेफ्री हूव्हर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ज्या घरट्यांतून काउबर्डचे अंडे काढून टाकले, त्यांपैकी ५६ टक्के घरटी नंतर उद्ध्वस्त झाली. अंडे राहू दिलेल्या घरट्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. खंडणीखोरासमोर निमूटपणे हप्ता देणारा दुकानदार मूर्ख नसतो, तसेच येथे म्हणता येईल.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण उत्तर स्पेनमध्ये आढळले. तेथे मोठ्या ठिपकेदार कक्कूचे पिल्लू कावळ्यांच्या घरट्यात वाढते. त्याला पकडले की ते अत्यंत दुर्गंधी स्राव सोडते आणि त्यामुळे भक्षक दूर राहतात. भक्षक फार असलेल्या वर्षांत पाहुणे असलेल्या घरट्यांची स्थिती बरी राहते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्या गावकावळ्याला कोकिळेमुळे असा लाभ होतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये.

परजीवीच यात पुढे का राहतो? ही चढाओढ कधी संपते का?

रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्स यांनी १९७९ मध्ये शस्त्रस्पर्धेची कल्पना मांडली. ससा जिवासाठी धावतो आणि कोल्हा जेवणासाठी, म्हणून ससा अधिक वेगाने धावतो, असा त्यांचा दाखला होता. येथेही तसेच आहे. प्रत्येक कक्कूचे पूर्वज यजमानाला फसवण्यात यशस्वी झालेलेच असतात, कारण अन्यथा तो जन्मलाच नसता. यजमानांपैकी अनेकांच्या पूर्वजांची मात्र कक्कूशी कधी गाठही पडलेली नसते.

दबाव बदलला की यजमानही झपाट्याने बदलतात. मध्य जपानमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कक्कू निळ्या पंखांच्या मॅगपायच्या घरट्यांत नव्याने अंडी घालू लागला आणि पुढच्या २० वर्षांच्या आतच परकी अंडी नाकारणाऱ्या मॅगपायचे प्रमाण वाढल्याचे दिसले. उलट दिशेचाही दाखला आहे. आफ्रिकेतील एका सुगरण जातीला अठराव्या शतकात कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर नेले गेले, जेथे तिला फसवणारी कोकीळ नव्हती. शत्रू नाहीसा झाल्यावर मादी-मादीच्या अंड्यांतील फरक कमी झाला आणि एकाच विणीतील अंडी पूर्वीसारखी एकसारखी राहिली नाहीत. गरज संपली तशी सही पुसट होत गेली.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे अंडे दिसले तर ते काढावे का?

काढू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि त्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. शिवाय कोणाची बाजू घ्यायची हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न उरतोच.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कोठे पाहावे?

पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत, घराजवळच्या झाडांवर. मागच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीसमोरच्या बदामाच्या फांदीवर एक पिल्लू भिजून बसले होते आणि सारखे तोंड वासत होते. कावळा कोठून तरी पोळीचा ओला तुकडा घेऊन आला. त्याने तो आधी फांदीवर दाबून मऊ केला, मग पिल्लाच्या लालबुंद घशात कोंबला आणि क्षणभर मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिले. पिल्लाने पुन्हा तोंड उघडले. कावळा आणखी तुकडा आणायला उडाला.